टोकियोत हॅलोविनचं सोंग

प्रश्न : मी पुण्याहून जपानी शिकायला टोकियोला आले आहे. ३१ ऑक्टोबरला आम्ही मैत्रिणी भुताच्या वेशात शिबुया या इथल्या गजबजलेल्या भागात जाणार आहोत. रक्ताळलेला शर्ट, रंगवलेला चेहरा आणि हातात तलवार, असा बेत आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आधी शिबुयाचा विचार सोडा. २०२२ मध्ये सेऊलला हॅलोविनच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन दीडशेहून अधिक जीव गेले. शिबुयातही अशीच गर्दी होते, म्हणून पुढच्याच वर्षी तिथल्या महापौरांनी 'हॅलोविनसाठी इथे येऊ नका' असं जाहीर सांगितलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्टेशन परिसरात संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर दारू पिण्यास बारमाही बंदी आहे. वेश करून मिरवायचंच असेल, तर ऑक्टोबरअखेरीस टोकियोतल्याच इकेबुकुरोला होणारा कॉस्प्ले महोत्सव (म्हणजे आवडत्या पात्रांचे वेश करण्याचा उत्सव) गाठा. सहभागाचं तिकीट काढलं की कपडे बदलायला खोली मिळते. घरून सजून निघू नका, तिथे जाऊनच बदला. स्टेशनच्या स्वच्छतागृहात कपडे बदलणं लोकांना अजिबात खपत नाही.

रक्तासाठी साखरेचा पाक नको. तो चिकट राहतो आणि ट्रेनच्या सीटला लागतो. शंभर येनच्या दुकानातून लाल अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. नुसता लाल पांढऱ्या कापडावर भडक, खोटा दिसतो, म्हणून त्यात थोडा तपकिरी आणि काळ्याचा अगदी थेंब मिसळा. शर्टच्या आत पुठ्ठा सरकवून जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवा आणि रात्रभर वाळू द्या.

तलवार फोमचीच हवी. धातूची असेल तर बोथट असूनही ती घेऊन फिरणं कायद्यात बसत नाही. पोलिसांसारखा गणवेशही नको, तोही गुन्हा आहे.

रहिवासी कार्ड, म्हणजे इथे राहणाऱ्या परदेशी लोकांना मिळणारं ओळखपत्र, मात्र अंगावर हवंच. ते जवळ नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तुमच्या बाबतीत पासपोर्ट दाखवून भागत नाही. भुताच्या झग्याला खिसा नसतो, तेव्हा आतून कमरेला पाऊच बांधा.

चेहऱ्याचा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज सुटली तर तो वापरू नका. तेलकट रंग काढताना आधी पाणी मारू नका, रंग नुसता पसरतो. कोरड्या हातांनी कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग ऑइल (मेकअप काढायचं तेल) मिनिटभर चोळा, कोमट पाण्याचे थेंब घेऊन ते दुधाळ होऊ द्या, मग चेहरा धुवा.