फिनिक्समधले १९६२ सालचे घर: आधी छप्पर, मग गेरूचा रंग

मूळच्या अकोल्याच्या एका वाचक भगिनींनी अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सहून प्रश्न पाठवला आहे. त्यांनी व त्यांच्या पतींनी २०२१ मध्ये तिथे १९६२ साली बांधलेले एक बैठे घर घेतले. तीस वर्षांच्या त्या कर्जाचा व्याजदर ३ टक्के स्थिर असून सुमारे ३ लाख ३८ हजार डॉलर फेडायचे बाकी आहेत. हाताशी रोख ८५ हजार डॉलर आहेत, महिन्याचा खर्च साडेआठ हजार आणि बचत अडीच हजार. आता या घराला वाळवंटी आधुनिक रूप द्यावे असे त्यांच्या मनात आहे. त्यात भिंतींना मातकट रंगाचा चुन्याचा गिलावा, टेराकोटाची फरशी, ओकच्या लाकडाचे नवे स्वयंपाकघर आणि अंगणात हिरवळ काढून खडी, अगेव्ह व पालो वर्देची झाडे असे सारे येते. कॉन्ट्रॅक्टरने १ लाख ४० हजार डॉलरचे अंदाजपत्रक दिले आहे. पैशांसाठी त्यांच्यासमोर चार वाटा आहेत: बँक सुचवते तसे जुने कर्ज मोडून नवे मोठे कर्ज घेणे, रोख शिल्लकीतून साठ हजार काढणे, ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून कर्ज घेणे, किंवा पुण्यातला कोथरूडचा फ्लॅट विकणे. पैसे कुठून उभे करावेत आणि मुळात एवढा खर्च करावा का, हा त्यांचा प्रश्न.

खर्च जरूर करावा, परंतु आजच एवढा करू नये आणि अंदाजपत्रकात लिहिलेल्या क्रमाने तर मुळीच करू नये, असे माझे मत आहे. तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात छपरासाठी एक डॉलरही धरलेला नाही. सांडपाण्याचे नळ, वीजपॅनेल, एसीचे डक्ट यांचाही उल्लेख नाही. साठ वर्षांहून जुन्या घराच्या बाबतीत ही उणीव मला रंगाच्या निवडीपेक्षा कितीतरी अधिक गंभीर वाटते.

प्रथम कर्जाचे पाहू. बँकेने सुचवल्याप्रमाणे जुने कर्ज मोडून ४ लाख ७८ हजारांचे नवे कर्ज घेतले आणि त्याचा दर पावणेसात टक्के धरला, तर आज १,६०० डॉलरचा असलेला हप्ता सुमारे ३,१०० वर जाईल आणि तो पुन्हा नव्याने तीस वर्षे चालेल. यातली खरी हानी नव्या पैशांवरच्या व्याजात नसून जुन्या ३ लाख ३८ हजारांवरचा दर विनाकारण वाढण्यात आहे. त्यासाठीच पहिल्या वर्षी सुमारे १२,७०० डॉलर जास्तीचे व्याज जाईल आणि त्या बदल्यात घरात एक वीटही नवी लागणार नाही. याउलट संपूर्ण १ लाख ४० हजारांसाठी साडेआठ टक्क्यांचे पंधरा वर्षांचे वेगळे दुसरे कर्ज काढले, तरी त्याचा हप्ता सुमारे १,३८० डॉलर होतो, म्हणजे वाढीव दीड हजारांहून कमी, आणि ते निम्म्या काळात फिटते. दर दिसायला चढा असला तरी तो फक्त नव्या रकमेला लागतो. तुमचे ३ टक्क्यांचे कर्ज ही आज तुमच्याकडची सर्वांत मोलाची आर्थिक वस्तू आहे, तिला हात लावू नका.

रोख शिल्लकीतून साठ हजार काढण्याचा विचार मला अधिक काळजीचा वाटतो. तुमचे पती एच-१बी व्हिसावर आहेत, तुम्ही त्यांच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसाच्या परवान्यावर नोकरी करता आणि ग्रीन कार्डाची रांग लांब आहे. कागदावर दोन पगार दिसत असले तरी दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले आहेत. त्यांची नोकरी गेली तर नवा प्रायोजक मिळवायला नियमाने साठ दिवसांपर्यंतचाच अवधी असतो, आणि त्यांचा दर्जा गेला की तुमचा परवानाही टिकत नाही. अशा कुटुंबाने तीन महिन्यांच्या खर्चाएवढ्या शिल्लकीवर राहू नये. आठ महिन्यांचे ६८ हजार बाजूला ठेवा. म्हणजे घरासाठी रोख १७ हजारच मोकळे होतात. ४०१(के)मधून कर्ज घेण्यालाही याच कारणासाठी माझा विरोध आहे, कारण नोकरी सुटल्यावर ते कर्ज कर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत फेडता आले नाही, तर उरलेली रक्कम उत्पन्न धरली जाते आणि तुमच्या वयाला तिच्यावर वर १० टक्के दंडही बसतो. सर्वांत वाईट वेळी येणारे देणे आज स्वतःहून का ओढवून घ्यायचे?

कोथरूडच्या फ्लॅटबद्दल. तो तुम्ही २०१२ साली घेतलात, तेव्हा डॉलर सुमारे ५३ रुपयांचा होता. आज तो ८५ च्या पुढे आहे. भारतात कर लागतो तो रुपयांतल्या नफ्यावर, इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून न धरता) साडेबारा टक्के आणि वर अधिभार-उपकर. तोच नफा डॉलरमध्ये मांडला तर बराच लहान भरण्याची शक्यता आहे. म्हणजे तुमच्या खऱ्या चलनात जी वाढ फारशी झालेलीच नाही, तिच्यावर तुम्ही पुण्यात पूर्ण कर भराल. शिवाय आयकर विभागाकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी काढले नाही, तर खरेदीदार नफ्याऐवजी एकूण विक्री किमतीवर करकपात करतो आणि तो पैसा परताव्यापर्यंत अडकून पडतो. फ्लॅट विकायचा की नाही हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तुम्ही पुण्याला कधी परतणार यावर अवलंबून आहे. फरशीच्या तारखा पाहून ते ठरवू नये.

आता घराकडे वळतो, कारण पैशाचे उत्तर तिथेच दडलेले आहे. ही शैली फिनिक्सच्या मातीतलीच आहे. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३७ मध्ये शेजारच्या स्कॉट्सडेलमध्ये टालिएसिन वेस्टचे बांधकाम सुरू केले, तेव्हा भिंतींत वापरले ते तिथल्याच वाळवंटातले दगड. युद्धानंतर राल्फ हेव्हर यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांनी मध्यमवर्गीयांसाठी ब्लॉकच्या भिंतींची, कमी उताराच्या छपरांची बैठी घरे आखली. तुमच्या छायाचित्रांतल्या घराला पुढे आलेले रुंद छज्जे आहेत, मातीच्या विटांसारखे दिसणारे स्लंप ब्लॉक आहेत आणि कारपोर्टला जाळीच्या ब्लॉकची भिंत आहे. जे रूप विकत घ्यायला तुम्ही निघाला आहात, त्याचा निम्मा भाग तुमच्या मालकीचा आहे. कॉन्ट्रॅक्टर मात्र जाळीची भिंत पाडण्याचे आणि चारही बाजूंच्या ब्लॉकवर गिलावा चढवण्याचे पैसे मागतो आहे. ही दोन्ही कामे रद्द करा. अपवाद फक्त पश्चिमेच्या भिंतीचा करावा. तिथे बाहेरून इन्शुलेशन लावून वर गिलावा केला तर तो खर्च सार्थ आहे.

सावली आणि जाड भिंती ही या शैलीची मूळ गरज आहे, रंग नंतर आला. तुम्ही अकोल्याच्या आजोळच्या ओसरीची आठवण लिहिली आहे. तिथे मे महिन्याच्या दुपारी जो गारवा असे तो गेरूच्या रंगामुळे नव्हता, हे तुम्हाला मी सांगायला नको. फिनिक्समध्ये २०२३ च्या जून अखेरीपासून सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याच्या पुढे गेला, आणि २०२४ मध्ये सलग ११३ दिवस दुपारचा पारा १०० फॅरनहाइटच्या खाली थांबलाच नाही. तिथल्या एपीएस या वीज कंपनीच्या वेळेनुसार दर असलेल्या योजनांत आठवड्याच्या दिवसांत दुपारी ४ ते ७ हे महाग तास आहेत, आणि नेमके तेव्हाच तुमच्या एकेरी काचेच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांवर ऊन असते. त्या खिडक्यांवर बाहेरून सावली करणे, छपराखाली इन्शुलेशन वाढवणे आणि गळके डक्ट बंद करणे यांचा लाभ दर महिन्याच्या बिलात मिळेल. टेराकोटाचा लाभ मनाला मिळेल. तोही हवाच, फक्त दुसऱ्या पाळीत.

पहिल्या टप्प्याला ६२ हजारांची मर्यादा घाला: १७ हजार रोख आणि ४५ हजारांचे स्थिर दराचे दुसरे कर्ज, ज्याचा हप्ता सुमारे ४४५ डॉलर होईल. यातून छप्पर, सांडपाण्याचे नळ, वीजपॅनेल, डक्ट, इन्शुलेशन आणि पश्चिमेची बाजू एवढीच कामे करा. हप्ता जाऊनही महिन्याला दोन हजारांवर बचत राहील, म्हणजे दोन वर्षांत सुमारे ४९ हजार जमतील आणि स्वयंपाकघर व फरशी कर्जाशिवाय होईल. क्रम उलटा केला आणि स्लॅबखालचा जुना बिडाचा नळ नंतर फुटला, तर नवी कोरी टेराकोटा फोडूनच तो बदलावा लागेल. त्याच काळातल्या छताच्या खडबडीत लेपात आणि जुन्या फरशीत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून काही खरवडण्याआधी नमुना तपासून घ्या.

करांविषयी थोडेच सांगायचे आहे. ऊर्जा बचतीच्या कामांवरची केंद्रीय करसवलत २०२५ च्या अखेरीस संपली. कॉन्ट्रॅक्टरने ती वजा करून दाखवलेले तीन हजार २०० डॉलर खोडून टाका. दुसऱ्या कर्जाचे व्याज घरसुधारणेसाठी वजावटीला पात्र असले, तरी दांपत्याला सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट २०२६ साठी ३२,२०० डॉलर आहे आणि तुमच्या वजावटी मिळून तिथवर पोहोचत नाहीत, म्हणून या व्याजाचा करात तुम्हाला लाभ नाही. सुधारणांच्या पावत्या मात्र नीट जपा. विकताना त्या घराच्या मूळ किमतीत मिळवता येतात, आणि दांपत्याला मिळणारी ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्याची सूट अपुरी पडली तर त्या उपयोगी येतील.

कॉन्ट्रॅक्टरने ४० टक्के आगाऊ मागितले आहेत, ते देऊ नका. अ‍ॅरिझोनाच्या रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्सकडे त्याचा परवाना तपासा. परवानाधारकाने काम बिघडवले तर तिथल्या भरपाई निधीतून एका घराला जास्तीत जास्त ३० हजार डॉलर मिळू शकतात, परवाना नसलेल्याच्या बाबतीत तोही आधार नाही. पैसे झालेल्या कामामागेच द्यावेत. अंगणातली हिरवळ इतक्यात उपटू नका, कारण त्या परिसरातल्या काही शहरांत हिरवळ काढण्यासाठी अनुदान मिळते आणि त्यासाठी सहसा आधी मंजुरी लागते. तुमच्या नगरपालिकेच्या पाणी विभागाला विचारा. पश्चिमेला पालो वर्दे मात्र या हिवाळ्यातच लावा, झाडाला वाढायला वेळ लागतो.

सही करण्यापूर्वी या आठवड्यात प्लंबर बोलावून सांडपाण्याच्या नळाची कॅमेऱ्याने तपासणी करून घ्या आणि छपराची दोन स्वतंत्र अंदाजपत्रके मागवा. ते तीन कागद हाती आले की मला पाठवा. ६२ हजारांची मर्यादा पुरते की पश्चिमेच्या भिंतीचे काम पुढे ढकलावे लागते, ते त्यावरून ठरवू.