बोलके न होता मित्र जोडता येतात का?

या महिन्यातील पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची होती: अंतर्मुख स्वभाव आणि नव्या मैत्रीची ओढ. ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ३१ असून मी पहिल्यापासून अबोल आहे. शिक्षण चालू असताना दोन जिवलग मैत्रिणी होत्या आणि त्या असताना मला आणखी कोणाची गरज भासली नाही. आता दोघीही दूर गेल्या आहेत, नोकरीमुळे मीही नव्या शहरात आले आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकटेपणा बोचू लागला आहे. सहकारी मला शिष्ट समजतात असेही कानावर आले. मोठ्या समारंभांना, मेजवान्यांना मुद्दाम जाऊन पाहिले, पण प्रत्येक वेळी एका बाजूला उभी राहिले आणि घरी परतल्यावर अगदी गळून गेले. नवी माणसे जोडायची तर मला स्वभावच बदलावा लागेल का? या वयात तो बदलेल का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या आधी वेगळ्या करायला हव्यात. अंतर्मुखता हा स्वभाव आहे, तर एकटेपणा ही वेदना आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर लिहिताना अंतर्मुख आणि बहिर्मुख या कल्पना मांडल्या, त्या मनाची ऊर्जा आत वळते की बाहेर या अर्थाने. पुढच्या संशोधनाने या दोहोंकडे वेगवेगळे कप्पे म्हणून न पाहता एकाच पट्टीची दोन टोके म्हणून पाहिले, आणि बहुसंख्य माणसे त्या पट्टीच्या मधल्या भागातच कुठेतरी असतात असे आढळले. अंतर्मुख माणसाला माणसे नकोशी असतात हा समज चुकीचा आहे. त्याला एका वेळी थोडी माणसे हवी असतात आणि त्यांच्या सहवासानंतर थोडा एकांत हवा असतो. तुम्हाला दोन मैत्रिणी पुरत होत्या, याचा अर्थ मैत्रीची भूक तुम्हाला नेहमीच होती आणि ती भागत होती. आज ती भागत नाही, एवढाच फरक पडला आहे.

स्वभाव बदलावा का, या प्रश्नावर एका प्रयोगाचा आधार घेता येतो. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी काही लोकांना आठवडाभर मुद्दाम बहिर्मुख, म्हणजे बोलके, पुढाकार घेणारे आणि उत्साही वागायला सांगितले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरीने पाहता लोकांना त्या आठवड्यात अधिक आनंदी वाटले, परंतु जे मुळात फार अंतर्मुख होते त्यांना हा लाभ कमी झाला, थकवा अधिक आला आणि आपण खरे वागत नाही अशी भावनाही त्यांच्यात दिसली. मेजवानीहून परतल्यावर तुम्हाला जे वाटले ते याच्याशी जुळणारे आहे. म्हणून बोलके होण्याचा संकल्प तुम्ही सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते. माणसांत जाणे मात्र सोडू नये. कोणत्या प्रकारे जायचे, तेवढे बदलावे.

तुम्ही निवडलेल्या जागा अंतर्मुख माणसासाठी सर्वांत अवघड होत्या. समारंभात पन्नास माणसे एकदाच भेटतात, कोणाशीही दोन-चार मिनिटांपलीकडे बोलणे होत नाही आणि पुढच्या समारंभाला पुन्हा वेगळीच माणसे असतात. मैत्री याच्या उलट मार्गाने वाढते: तीच माणसे, ठरलेल्या दिवशी, पुन्हा पुन्हा. अमेरिकी संशोधक जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांचा आणि महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यातून असे दिसले की केवळ ओळखीचे रूपांतर जुजबी मैत्रीत व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, मैत्री म्हणण्याजोगे नाते व्हायला साधारण ९० आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक. हे आकडे ठोकळमानाने घ्यायचे आहेत, पण त्यांचा तुमच्यासाठी अर्थ मोठा आहे. पाच-सहा समारंभांत कोणी मैत्रीण झाली नाही म्हणून आपल्यात काही उणे आहे, असा निष्कर्ष काढायला जागाच उरत नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली की बरोबर काम करण्यात गेलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत. कामाबाहेर, स्वेच्छेने बरोबर घालवलेला वेळ अधिक मोलाचा ठरतो. वर्षानुवर्षे शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी परकाच का राहतो, हे यावरून समजते.

तेव्हा आठवड्यातून एकदा भरणारा, आठ-दहा माणसांचा आणि हाताला किंवा डोक्याला काही काम देणारा एखादा उपक्रम निवडावा. वाचनगट, गायनाचा वर्ग, डोंगरभ्रमंती, चित्रकला, एखाद्या संस्थेतील स्वयंसेवा, तुम्हाला ज्यात खरोखर रस आहे असे काहीही चालेल. काम समोर असले की शांतता अवघडून टाकत नाही आणि बोलण्याला विषय आपोआप मिळतो. सुरुवातीचे काही आठवडे काहीच घडत नाही असे वाटेल. तरीही जात राहावे, कारण परिचित चेहऱ्याविषयी माणसाच्या मनात आपोआप जवळीक वाढते. रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेही ती आपल्याला अधिक आवडू लागते. तुम्ही गप्प बसलेल्या आठवड्यांतही हे काम तुमच्या बाजूने चालू असते.

बोलण्याविषयी एकच सुचवते. अबोल माणसाला वाटते की संभाषणात आपल्याकडे सांगण्यासारखे काही हवे. प्रत्यक्षात समोरच्याने जे सांगितले त्यावर आणखी एक प्रश्न विचारणे पुरेसे असते. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की असे पुढचे प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडतात, कारण आपले बोलणे ऐकले गेले हे त्यांतून त्याला कळते. ऐकणे तुम्हाला उपजत येतेच. फक्त ते तुमच्या चेहऱ्यावर आणि एका प्रश्नातून बाहेर दिसू द्या.

राहिली शिष्टपणाची गोष्ट. तुमच्या मनातील संकोच सहकाऱ्यांना दिसत नाही, त्यांना फक्त तुमची न वळणारी मान दिसते. सकाळी नाव घेऊन केलेला नमस्कार आणि आदल्या दिवशी कोणी सांगितलेल्या गोष्टीची दुसऱ्या दिवशी केलेली विचारपूस एवढ्याने हा गैरसमज बराच निवळतो. अशा वरवरच्या ओळखींना अंतर्मुख माणसे फार कमी लेखतात. पण संशोधक गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांना २०१४ मधील अभ्यासात असे आढळले की ज्या दिवशी माणसाचे अशा दूरच्या ओळखीच्या लोकांशी अधिक बोलणे होते, त्या दिवशी त्याला नेहमीपेक्षा अधिक आनंदी आणि अधिक आपलेपणाचे वाटते. प्रत्येक ओळखीची मैत्री व्हायलाच हवी असे नाही.

भेटीनंतरचा थकवा टळणार नाही, त्यामुळे त्याची सोय आधीच करावी. माणसांत घालवलेल्या संध्याकाळीनंतरची सकाळ मोकळी ठेवावी, आणि उपक्रम संपण्याआधी निघायचे असल्यास ते पहिल्यांदाच सांगून टाकावे, म्हणजे निघताना सबबी शोधाव्या लागत नाहीत.

प्रश्न : मी ४० वर्षांचा आहे. वर्षभरापूर्वी एका नाट्यवाचनाच्या गटात जाऊ लागलो आणि तेथे दोघा-तिघांशी चांगली ओळखही झाली. पण प्रत्येक भेटीनंतर रात्री झोप लागत नाही. मी असे का बोललो, त्यांना काय वाटले असेल, मी कंटाळवाणा वाटलो का, हेच मनात घोळत राहते. मग पुढच्या वेळी जाऊच नये असे वाटते.

उत्तर : रात्री तुम्ही स्वतःवर जो खटला चालवता, त्यात साक्षीदार आणि न्यायाधीश तुम्हीच असता, समोरच्या माणसाची साक्ष तेथे कधी घेतलीच जात नाही. ती घेतली तर काय होते, हे एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्यांनी अनोळखी माणसांना जोडीजोडीने बोलू दिले आणि नंतर प्रत्येकाला दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या: समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल असे तुम्हाला वाटते. लोकांनी आपण आवडल्याचा जो अंदाज केला, त्यापेक्षा ते प्रत्यक्षात अधिक आवडलेले होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार एकाच वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये ही तफावत कित्येक महिने टिकून राहिली होती. म्हणजे चांगली ओळख झाल्यानंतरही हा अंदाज आपोआप दुरुस्त होतोच असे नाही.

याचे कारण असे की संभाषणात आपले लक्ष आपल्या शब्दांच्या चुकांवर असते, तर समोरच्याचे लक्ष त्याच्या स्वतःच्या शब्दांवर. तुमचे अडखळलेले वाक्य त्याच्या लक्षातही नसते. तोही कदाचित त्याच रात्री आपले वाक्य आठवत पडलेला असतो.

हे समजले तरी विचार लगेच थांबणार नाहीत, म्हणून थोडा शिस्तीचा आधार घ्यावा. घरी आल्यावर त्या भेटीतील समोरच्या माणसाविषयी नव्याने कळलेली एखादी गोष्ट वहीत लिहून ठेवावी. त्याने लक्ष स्वतःकडून त्याच्याकडे वळते आणि पुढच्या भेटीत विचारायला विषयही मिळतो. आणि पुढच्या वेळी जायचे की नाही याचा निर्णय त्या रात्री कधीही घेऊ नये. थकलेल्या मनाने केलेला हिशेब सहसा आपल्या विरुद्धच जातो. वर्षभर टिकून राहिलात, दोघे-तिघे ओळखीचे झाले, हा पुरावा त्या एका रात्रीपेक्षा पुष्कळ जड आहे.

प्रश्न : माझ्या २३ वर्षांच्या मुलाला अनोळखी माणसांसमोर बोलायची वेळ आली की घाम फुटतो, छाती धडधडते. मुलाखतीच्या दिवशी तो घराबाहेरच पडत नाही. नातेवाईक म्हणतात, अंतर्मुख आहे, चार मित्र झाले की सुधारेल. खरे आहे का?

उत्तर : ही केवळ अंतर्मुखता वाटत नाही. अंतर्मुख माणूस गर्दी टाळतो कारण त्याला एकांत आवडतो; तुमचा मुलगा ज्या गोष्टी टाळतो त्या त्याला हव्या आहेत, पण भीती आडवी येते. लोक आपल्याला नावे ठेवतील या भीतीने महिनोनमहिने रोजचे जगणे अडत असेल, तर ती सामाजिक चिंतेची विकृती असू शकते. निदान करताना साधारणपणे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ ही लक्षणे टिकली आहेत का, हे पाहिले जाते. यावर बोधात्मक वर्तनोपचार चांगला उपयोगी पडतो. त्यात भीतीच्या प्रसंगांना लहान लहान पायऱ्यांनी सामोरे जायला शिकवले जाते. गरजेप्रमाणे औषधेही दिली जातात. त्याला कृपया मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे न्यावे आणि तोपर्यंत मित्र कर म्हणून त्याच्या मागे लागू नये. जी गोष्ट त्याला आज जमत नाही तिचाच आग्रह झाला, तर त्याच्या भीतीत अपराधी भावनेची भर पडेल.

प्रश्न : माझी एक नवी मैत्रीण परवा म्हणाली, ‘तुला माझ्याबद्दल सगळे ठाऊक आहे आणि मला तुझ्याबद्दल काहीच नाही.’ मला वाईट वाटले, कारण मी चांगली ऐकते याचाच मला अभिमान होता. मी काय करू?

उत्तर : तुमच्या मैत्रिणीने हे बोलून दाखवले, हा तिच्या जिव्हाळ्याचा पुरावा आहे. ज्याच्याशी फारसे देणे-घेणे नाही त्याच्याकडे माणूस अशी तक्रार करत नाही.

पहिल्या पत्राच्या उत्तरात मी ऐकण्याची बाजू घेतली. पण ओळख पुढे सरकली की केवळ ऐकणे हा एक आडोसाही होऊ शकतो. समोरचा बोलत राहतो, आपण सुरक्षित राहतो, आणि नाते एका बाजूला कलते. ज्याने मन उघडे केले त्याला काही काळाने आपण एकटेच उघडे पडलो असे वाटू लागते. आर्थर एरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अनोळखी माणसांच्या जोड्यांना ३६ प्रश्न दिले होते. ते प्रश्न क्रमाक्रमाने अधिक खासगी होत जाणारे होते आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोघांनीही द्यायचे होते. पाऊण तासानंतर या जोड्यांना, किरकोळ गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा, एकमेकांविषयी अधिक जवळीक वाटली. जवळीक वाढवणाऱ्या दोन गोष्टी या रचनेतच आहेत: सांगणे दोन्हीकडून होते आणि ते एकदम न होता थोडे थोडे होते.

अंतर्मुख माणसाची खरी वाढ मला येथे दिसते. अधिक माणसांत वावरता येणे चांगलेच, पण एका माणसाला आपल्या आत येऊ देणे हे अबोल स्वभावाला त्याहून कठीण जाते आणि त्याचे देणेही मोठे असते. मनात घोळणारे काही जेव्हा दुसऱ्यासमोर शब्दांत मांडले जाते, तेव्हा ते आपल्यालाही नव्याने कळते. एकांतात कितीही विचार केला तरी जे दिसत नाही ते एखाद्या मैत्रिणीच्या साध्या प्रश्नाने दिसू लागते.

लगेच सारे आयुष्य उलगडून सांगायची गरज नाही. सध्या मनात चाललेली एखादी लहानशी अडचण निवडा, जिचा निर्णय अजून झालेला नाही, आणि त्यावर तिचे मत विचारा. निकाल लागलेल्या गोष्टी सांगणे अबोल माणसांना सोपे जाते, पण त्यांत दुसऱ्याला सहभागी व्हायला वाव नसतो. समोरासमोर जमत नसेल तर आधी पत्र किंवा संदेश लिहावा. लिहिताना विचार करायला वेळ मिळतो, आणि तुमच्या स्वभावाला ते अधिक मानवेल. तिच्या बोलण्यावर अजून काही उत्तर दिले नसेल, तर ‘तू म्हणालीस ते खरे आहे, मला सांगायला वेळ लागतो, पण सांगायचे आहे’ एवढे वाक्य आजच तिला कळवावे.