वाचकांचे प्रश्न : जुनी फ्रिगेट, वाढतं नौदल

(नौदलातून निवृत्त झालेले, कोल्हापूरस्थित इंजिनरूम आर्टिफिसर (जहाजाच्या इंजिनांचे कुशल तंत्रज्ञ) वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : बांगलादेशनं चीनकडून वापरलेल्या फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) घेतल्या आणि त्याला नौदलाचं आधुनिकीकरण म्हटलं. दुसऱ्यानं निवृत्त केलेलं जहाज घेऊन कुणी आधुनिक कसं होईल? त्याच पैशात नव्या छोट्या नौका घेतल्या असत्या तर?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : बाळा, आधी नकाशा उघड. मार्च २०१२ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायाधिकरणानं म्यानमार आणि बांगलादेश यांची सागरी हद्द ठरवली. जुलै २०१४ मध्ये हेगच्या लवादानं भारताबरोबरचा वाद मिटवला आणि २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर समुद्र बांगलादेशला दिला. एवढ्या पाण्यावर गस्त कशानं घालायची? नवी फ्रिगेट मागवली तर हातात यायला कित्येक वर्षं जातात आणि तोवर मासेमारीच्या परक्या ट्रॉलर काही वाट बघत थांबत नाहीत. छोट्या नौकांचं म्हणशील तर जुलैमधला बंगालचा उपसागर तू पाहिलेला नाहीस. पन्नास मीटरची बोट त्या लाटांत दोन दिवस टिकली तरी आतली माणसं कामाची राहत नाहीत.

म्हणून त्यांनी मिळेल तिथून मोठी जहाजं घेतली. अमेरिकी तटरक्षक दलाचं ‘जार्व्हिस’ हे ११५ मीटर लांबीचं, १९७२ पासून सेवेत असलेलं जहाज २०१३ मध्ये ‘समुद्र जय’ झालं. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले इथं पिण्याच्या पाण्याचे हाल झाले, तेव्हा हेच जहाज पाणी घेऊन गेलं. २०१४ मध्ये चीनच्या ०५३एच२ वर्गातल्या दोन फ्रिगेट आल्या, २०२० मध्ये त्याच्या पुढच्या, ०५३एच३ वर्गातल्या दोन.

आपण नाक मुरडायचं कारण नाही. आपलं नौदल याच वाटेनं मोठं झालं. १९४८ चं ‘दिल्ली’ म्हणजे ब्रिटिशांचं ‘अकिलीस’, १९५७ चं ‘म्हैसूर’ म्हणजे ‘नायजेरिया’, १९८७ चं विमानवाहू ‘विराट’ म्हणजे फॉकलंडच्या लढाईतलं ‘हर्मिस’. ‘विराट’ २०१७ पर्यंत आपल्याकडे चाललं आणि त्याच्या डेकवर वैमानिकांच्या पिढ्या तयार झाल्या. जुनं जहाज घेणारा वेळ विकत घेतो. रात्रीची वॉच (पहाऱ्याची पाळी), दुसरं जहाज ओढून नेणं, समुद्रात चालता चालता इंधन घेणं, यातलं काहीही वर्गात बसून येत नाही.

पण मी याला एकच अट घालतो, आणि ती माझ्या दृष्टीनं फार मोठी आहे. जुनं जहाज बंदरात येईल त्याच काळात घरच्या गोदीतही काम सुरू झालं पाहिजे. आपण ब्रिटिशांकडून घेतलेली विमानवाहू ‘विक्रांत’ चालवत होतो तेव्हाच माझगाव डॉकमध्ये ‘निलगिरी’ बांधली जात होती. ती ३ जून १९७२ ला ताफ्यात आली. आराखडा ब्रिटिशांचा, पण हात आपले. पुढं ‘गोदावरी’ वर्गाचा आराखडा आपल्याच लोकांनी केला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दाखल झालेल्या नव्या ‘निलगिरी’चा पाया तिथं आहे. बांगलादेशनंही १९९९ मध्ये खुलना शिपयार्ड नौदलाकडे दिलं आणि तिथं गस्तीनौका बांधायला घेतल्या. म्हणून मी त्यांना भंगार गोळा करणारे म्हणणार नाही.

त्यांची खरी अडचण वेगळी आहे. एकाच ताफ्यात चिनी, अमेरिकी, ब्रिटिश आणि कोरियन जहाजं. प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे, मॅन्युअलं वेगळी, प्रशिक्षण वेगळं. स्टोअरकीपरचे हाल मला इथं बसून दिसतात.

प्रश्न : आम्ही जुना लेथ घेताना बेड झिजलाय का, स्पिंडल हलतोय का ते बघतो. जहाज घेताना काय बघतात? आणि रशियाकडून घेतलेल्या विमानवाहू ‘विक्रमादित्य’चा खर्च एवढा का फुगला?
– फौंड्री व्यावसायिक, शिरोली एमआयडीसी

उत्तर : साहेब, तुम्ही उद्यमनगरात जे करता तेच. रंगावर जायचं नाही, खाली वाकायचं. जहाजात खाली म्हणजे बिल्ज. इंजिनाच्या फाउंडेशनखालची ती जागा, जिथं तेल आणि खारं पाणी साचून राहतं. तिथली प्लेट हातभर खरवडून स्वच्छ करायची, त्यावर जेल लावायचं आणि अल्ट्रासॉनिक गेजचा प्रोब टेकवायचा. आकडा मिलिमीटरमध्ये येतो. मूळ ड्रॉइंगमधली जाडी आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहीत जायचं, फ्रेममागून फ्रेम (फ्रेम म्हणजे जहाजाच्या सांगाड्याची बरगडी). वरून चकचकीत दिसणारं जहाज इथं खरं बोलतं. विकणारा माणूस बहुधा ब्रिजवर आणि ऑपरेशन्स रूममध्ये फिरवतो. तिथं चहा घ्यावा आणि खाली उतरावं.

दुसरं म्हणजे ड्रॉइंग आणि सुटे भाग. मी उमेदवारीनंतर ब्रिटिश बनावटीच्या वाफेच्या जहाजावर गेलो, तिथले व्हॉल्व्हचे स्टड (डोकं नसलेले, आटे पाडलेले बोल्ट) व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे होते. व्हिटवर्थचा आटा ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. जवळच्या मापाचा मेट्रिक नट दोन फेरे जातो, बसल्यासारखा वाटतो आणि मग अडकतो. कुणी घाईत पाना लावून जोर केला की स्टडचा आटा गेला. मुख्य स्टीमलाइनवरचा एक स्टड गेला तर बॉयलर थंड करून, लाइन वेगळी करून तो काढावा लागतो. तोवर जहाज धक्क्याला. आमचे चीफ साहेब जुने नट धुऊन, तेल लावून डब्यात जपून ठेवायचे आणि नवीन पोराला पहिला धडा त्या डब्यावर द्यायचे. करारात जहाजाबरोबर किती वर्षांचे भाग येणार आणि ड्रॉइंगचा पूर्ण संच मिळणार का, हे किमतीच्या आधी वाचलं पाहिजे.

‘विक्रमादित्य’कडे याच नजरेनं बघा. २००४ च्या करारात जहाजाच्या दुरुस्तीला ९७ कोटी ४० लाख डॉलर धरले होते. शेवटी आकडा सुमारे २३५ कोटींवर गेला. २००८ ला मिळायचं जहाज नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळालं. उघडल्यावर काम वाढत गेलं, विशेषतः केबलचं; आतली बहुतेक केबल बदलावी लागली. २०१२ च्या सागरी चाचण्यांत आठपैकी सात बॉयलर बिघडले, कारण अॅस्बेस्टॉस टाळून घातलेल्या विटांच्या अस्तरानं दगा दिला. जहाज पुढं उत्तम चाललं, पण न उघडता केलेला अंदाज किती महाग पडतो हे आपण पैसे मोजून शिकलो.

प्रश्न : कोल्हापूरला समुद्र नाही. आपला याच्याशी संबंध काय?
– गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : ताई, १८१२ च्या तहापर्यंत मालवण आणि सिंधुदुर्ग करवीर राज्याकडे होतं. आजचा संबंध कामाचा आहे. ज्या जुन्या भागांची ड्रॉइंग मिळत नाहीत, ते नमुन्यावरून मोजून, पॅटर्न करून, ओतून, मशिनिंग करून द्यायचे असतात. हे काम करणारे हात शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात आहेत. संरक्षण मंत्रालयानं २०२० मध्ये ‘सृजन’ पोर्टल सुरू केलं. परदेशातून येणारे कोणते भाग इथं बनवून हवेत याच्या याद्या त्यावर असतात. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणाची फौंड्री असेल तर त्यांना व्हॉल्व्ह आणि पंपांच्या याद्या आधी बघायला सांगा.