नाव ठोकलं आणि टाका उसवला तर?

“मला स्वतःची जाहिरात करायला जमत नाही.” समुपदेशनाच्या माझ्या कामात गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी इतक्या प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलंय की समोरची व्यक्ती खुर्चीत टेकतानाच ते येणार हे कळतं. पदार्थविज्ञानवाले, इतिहासवाले, मराठीवाले, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: काम आम्ही करतो, नाव दुसऱ्यांचं होतं. लिंक्डइनवर रोज कुणीतरी सत्काराचे फोटो टाकतं आणि आम्हाला स्वतःबद्दल दोन ओळी लिहायच्या म्हटलं तरी हात थांबतो. म्हणून एकदा यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. त्यासाठी निवडलेली गोष्ट मार्केटिंग शिकवणाऱ्या बाईंची आहे. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी त्यांना मॅडम म्हणायची, इथेही तेच म्हणते.

मॅडम पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात सहायक प्राध्यापक. माझ्याकडे आल्या त्या २०२५च्या जुलैमध्ये. आदल्याच महिन्यात मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या बड्या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या होत्या, कोल्हापूरचा उल्लेखही न करता. इकडे गदारोळ झाला, मग कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. त्या दिवसांत वाहिन्यांवर रोज चर्चा रंगत होत्या. कोल्हापुरीला २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या वस्तूलाच ते नाव राखून ठेवणारी नोंद, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांचं मिळून कसं आहे, हे कुणीतरी अर्धवट सांगत होतं आणि मॅडम घरी बसून ऐकत होत्या.

“ताई, नऊ वर्षं मी दर वर्षी वर्गातल्या पोरांना घेऊन कोल्हापुरात चपला करणाऱ्यांच्या सुभाषनगरात जाते. कारागीर जोड केवढ्याला देतो, दुकानात तो केवढ्याला जातो, मधले पैसे कुणाच्या खिशात राहतात, सगळं लिहून ठेवलंय. आणि मला एक फोन आला नाही.”

“तुमच्याकडे हे आहे, हे कुणाकुणाला ठाऊक होतं?”

“आमच्या विभागाला.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “खरं तर विभागालाही नाही. मला वाटायचं, माझं काम बोलेल.”

हे शेवटचं वाक्य मी माझ्या वहीत तसंच्या तसं उतरवून घेतलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

अशा वेळी बहुतेक जण लगेच उपाय सांगतात: प्रोफाइल उघडा, आठवड्याला तीन पोस्ट टाका, चांगला फोटो काढून घ्या. मी तिथून सुरुवात करत नाही. माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांत झाली आहे. माणूस अडतो तो परिस्थितीपाशी कमी आणि त्या परिस्थितीबद्दल स्वतःशी जे बोलतो त्यापाशी जास्त, यावर माझा इतक्या वर्षांच्या कामानंतर अधिकच विश्वास बसला आहे. शिवाय मॅडमना माहितीची वाण नव्हतीच. कोटलर आणि लेव्ही या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी १९६९ मध्येच मार्केटिंगचा विचार संस्था आणि माणसांपर्यंत नेला होता, हे त्या दर वर्षी वर्गात शिकवतात. त्यांना मी ब्रँडिंग काय सांगणार?

स्वतःबद्दल न बोलण्याचं कारण त्यांनी संस्कार असं दिलं. वडील शाळामास्तर, आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये असं घरात बजावलेलं. हे कारण जवळजवळ प्रत्येक जण देतो आणि ते खोटं नसतं. पण ते पुरेसंही नसतं. मी त्यांना विचारलं, “बढतीची फाइल कोण भरतं?”

“मीच. २०१८च्या यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांप्रमाणे सगळं लावावं लागतं. गेल्या वेळी दोन बॉक्स फाइल झाल्या.”

“त्या दोन फाइलींत कुणाबद्दल लिहिलंय?”

“माझ्याबद्दल.”

“तिथे संस्कार आडवे आले नाहीत?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. स्वतःबद्दल शेकडो पानं लिहिणारी व्यक्ती दोन ओळींना अडते, तेव्हा अडचण लिहिण्याची नसते. कपाटात जाणाऱ्या कागदाचं भय वाटत नाही. लोकांसमोर जाणाऱ्या कागदाचं वाटतं. कशाचं भय, हे मात्र दोघींनाही कळत नव्हतं. दोन भेटी आम्ही तिथेच फिरत राहिलो.

चौथ्या भेटीला मी त्यांना म्हटलं, आज तुमच्याबद्दल नको, सुभाषनगराबद्दल सांगा. त्यांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही काढली. कोपरे मऊ पडलेले, एका पानावर चामड्याच्या तेलाचा डाग, कडेला दोऱ्याने बांधलेले पोरांचे फॉर्म. आणि बाईंचा सगळा नूरच पालटला. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं कातडं, खिळा न वापरता चामड्याच्या वादीने घातलेला टाका, लग्नसराईतली मागणी, पावसाळ्यातला रिकामा हात. मी सांगायला सांगितलं नसतं तरी त्या बोलतच राहिल्या असत्या.

मग एका म्हाताऱ्या कारागिराची गोष्ट निघाली. त्याच्या चपलेच्या तळावर शिक्का असतो दुकानाचा. मॅडम तीन वर्षं त्याच्या मागे लागल्या होत्या की आजोबा, तळावर तुमचं नाव ठोका.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, चप्पल बोलती की ओ मॅडम, नाव कशाला पायजे? मी म्हटलं, चप्पल बोलत नाही आजोबा, दुकानदार बोलतो. तुम्ही गप्प राहता म्हणून तो बोलतो.”

मी माझी वही उघडली आणि पहिल्या भेटीतलं त्यांचं वाक्य त्यांच्यासमोर ठेवलं. माझं काम बोलेल.

त्यांनी ते वाचलं, परत वाचलं. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजत होता, तो थांबेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मी घाई केली नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हातातलं जातं, हे मी शिकायला फार वर्षं घेतली.

“ताई,” त्या हळूच म्हणाल्या, “आजोबांनी पुढे आणखी एक सांगितलं होतं. म्हणाले, नाव ठोकलं आन् टाका उसवला, तर गिऱ्हाईक माज्या दारात येनार न्हवं?”

माझ्यासाठी खरा क्षण हा होता. नम्रता, संस्कार, संकोच, ही सगळी वरची पुटं. खाली होतं ते हे: नाव लागलं की दार वाजणार. मी एवढंच विचारलं, “तुमचा कुठला टाका उसवेल असं वाटतं?”

उत्तर लगेच आलं, जणू दाराआडच उभं होतं. २०१३ सालचा एक शोधनिबंध. २०१०च्या यूजीसी नियमांनी प्राध्यापकांच्या कामाची गुणांत मोजणी सुरू झाली आणि पैसे भरले की आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांचं पेव फुटलं. नोकरीत नव्या असलेल्या मॅडमनी अशाच एकात निबंध दिला होता. शोधनिबंध शोधून देणाऱ्या गुगल स्कॉलरवर स्वतःचं पान उघडलं तर तो दिसणार, कुणीतरी बोट दाखवणार. म्हणून पानच उघडलं नव्हतं. त्या एका निबंधाखाली नऊ वर्षांचं काम दडपून ठेवलं होतं.

त्या रडल्या. मी रडू दिलं.

पुढच्या भेटींत आम्ही तो निबंध सरळ टेबलावर घेतला. “कुणी बोट दाखवलं तर काय होईल?” “लाज वाटेल.” “वाटू दे. मग पुढे?” असं करत करत त्यांना दिसलं की नामुष्की सोसण्याजोगी असते, आणि निर्दोष असल्याशिवाय लोकांसमोर यायचंच नाही ही अट त्यांनी एकट्यानेच स्वतःला घातली होती. त्या काळात ती चूक असंख्य जणांनी केली. नियतकालिकांची पारख करणारी यूजीसी-केअर यादी २०१९ मध्ये आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चाले. २०२५च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद झाली आणि पारख पुन्हा विद्यापीठांवर आणि प्राध्यापकांवर आली. निबंध लपवायचा नाही असं त्यांनीच ठरवलं. उलट चांगलं नियतकालिक कसं ओळखावं, हे संशोधक विद्यार्थ्यांना शिकवताना स्वतःचं उदाहरण द्यायचं.

यानंतरची कामं सोपी होती. तुमचीही होतील, म्हणून सांगते. आधी नाव. मॅडमचे लग्नाआधीचे लेख माहेरच्या आडनावाने आणि नंतरचे सासरच्या, त्यामुळे शोधणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बाई वाटत. ऑर्किड नावाचा सोळा अंकी संशोधक क्रमांक फुकट मिळतो, त्यात दोन्ही नावं नोंदवता येतात आणि सगळं काम एका जागी येतं. महिला प्राध्यापकांनी तर हे आजच करावं.

दुसरं म्हणजे एकच विषय. “ग्राहक वर्तन, डिजिटल मार्केटिंग, ब्रँडिंग, सेवा क्षेत्र” अशी यादी प्रत्येक मार्केटिंगच्या प्राध्यापकाच्या पानावर असते आणि ती वाचून कुणाला कुणीच आठवत नाही. मॅडमचं वाक्य आम्ही तीन भेटींत घासून घासून केलं: हाताने केलेल्या वस्तूचं नाव मोठं होतं तेव्हा करणाऱ्याच्या हाती काय येतं, याचा मी अभ्यास करते. हे वाचणारा विसरत नाही.

आणि लिहायचं ते घडलेलं. “कळवण्यास आनंद होतो” छापाचं नाही. मॅडमनी पहिला मजकूर लिहिला तो एका जोडाच्या किमतीचे वाटे कसे पडतात यावर, मराठीत, सोबत काम केलेल्या विद्यार्थ्यांची नावं देऊन आणि कारागिरांना विचारून. शनिवारी सकाळचा एक तास, तेवढाच. त्याच निरीक्षणांवर पुढे इंग्रजीत शोधनिबंध होतो, वर्गात चर्चेसाठी केस स्टडी होते, बढतीच्या फाइलीतही जातं. प्रसिद्धीचं काम आणि अध्यापनाचं काम असे दोन वेगळे डोंगर चढायचे नसतात. पैसे भरून मिळणाऱ्या “उत्कृष्ट शिक्षक” पुरस्कारांच्या ईमेल मात्र उघडूसुद्धा नका. तुमच्या नावाचं वजन तिथे कमी होतं.

एवढं सगळं व्हायला सात-आठ महिने गेले. एका कारागीर प्रशिक्षणात त्यांना बोलावणं आलं, एका विद्यार्थिनीने पीएचडीसाठी मुद्दाम त्यांचं नाव घेतलं. फार मोठं काही नाही, पण त्यांच्या आवाजात फरक पडला होता, तो मला फोनवरही ऐकू यायचा.

मागच्या महिन्यात असाच फोन आला. “ताई, दार वाजलं!”

कर्नाटकातल्या अथणीकडच्या एका कारागिराने त्यांना कळवलं होतं की कातडं कमावण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते आमच्याकडे तसं करत नाहीत. मॅडमनी त्याच्याशी पाऊण तास बोलून मजकूर दुरुस्त केला, खाली त्याचे आभार मानले आणि पुढच्या वर्षी पोरांना घेऊन अथणीला यायचं कबूल केलं.

“आणि रात्री?” मी विचारलं. “झोप लागली?”

“वही घेऊन बसले होते. अथणीसाठी नवे प्रश्न काढायचे होते ना.”