वाईट सिनेमातली ती पाच मिनिटं

तुम्ही विचारलंय की, एखाद्या वाईट सिनेमात असा एखादा प्रसंग भेटलाय का, ज्याच्यामुळे बाकीचे दोन-अडीच तास बसल्याचं चीज झालं? हो, भेटलाय. एकच नाही, बरेच भेटलेत. त्यातला पहिला मी पडद्याच्या मागच्या बाजूने पाहिला होता, तिथूनच सुरुवात करतो.

पुण्यात गणपतीच्या दिवसांत मंडळं रस्त्यावर पडदा बांधून सिनेमे दाखवायची. मी तेव्हा सहावीत होतो, शुक्रवार पेठेत राहायचो. गल्लीच्या मधोमध दोन बांबूंना पांढरा पडदा ताणलेला असायचा, टेबलावर १६ एमएमचा प्रोजेक्टर आणि शेजारी स्टुलावर बसलेला ऑपरेटर. पुढची जागा संध्याकाळीच सतरंज्या आणि पोती टाकून अडवलेली असायची, त्यामुळे आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसायचो. मागून सिनेमा नीट दिसतो, फक्त उलटा. पाट्यांवरची अक्षरं उलटी, आणि मारामारीत सगळे डावखुरे.

त्या रात्री 'सैलाब' होता, १९९० सालचा. आदित्य पांचोलीची स्मृती जाते, माधुरी दीक्षित डॉक्टर आहे, तो तिचाच जीव घ्यायला आलेला आहे, असं काहीतरी. आज मी तो सिनेमा मोठा होऊन पुन्हा बघितलाय, त्यामुळे सांगू शकतो की तो तेव्हाही कंटाळवाणा होता आणि आजही आहे. लोक गप्पा मारत होते, बायका मुलांना थोपटत होत्या, कोपऱ्यात भेळेवाल्याचा धंदा जोरात होता. आणि मग 'हमको आज कल है इंतजार' सुरू झालं.

गल्ली गप्प झाली. हे मला जसंच्या तसं आठवतंय, कारण मागच्या बाजूला बसलेल्या आम्हाला पडद्याखालून पुढच्यांचे पाय दिसायचे, आणि ते सगळे पाय एकदम हलायचे थांबले. कोळणीच्या वळणाची साडी नेसलेली माधुरी, मागे बायकांचा ताफा, आणि तो ठेका. ती ठेक्यावर नाचत होतीच, पण ठेक्याच्या जरा आधी थबकून मग त्याला गाठत होती. तेव्हा हे शब्दांत सांगता आलं नसतं, फक्त पोटात काहीतरी हललं होतं. गाणं संपलं आणि पुढून ओरडा झाला, "परत लाव!" ऑपरेटरने दिवा लावला, रीळ मागे घेतलं आणि गाणं पुन्हा लावलं. मी धावत पुढे गेलो आणि प्रोजेक्टरच्या टेबलाला टेकून दुसऱ्यांदा पाहिलं, या वेळी सुलट. सगळ्या स्टेप्स दुसऱ्या बाजूला गेल्या होत्या. मला वाटलं, ही दुसरीच कोणीतरी नाचतेय, आणि तीही तितकीच सुंदर नाचतेय.

ते गाणं सरोज खान यांनी बसवलं होतं, गायलं होतं अनुपमा देशपांडे यांनी, संगीत बप्पी लाहिरींचं. त्याच्याच आधी, १९८८ च्या 'तेजाब'मधल्या 'एक दो तीन'साठी फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचं पारितोषिक पहिल्यांदा दिलं, ते सरोजजींना. 'सैलाब'च्या गाण्यासाठी त्यांना ते पुन्हा मिळालं. सिनेमा कोणाच्या लक्षात नाही, आणि त्यातलं गाणं कोणी विसरायला तयार नाही.

असं का होतं, याचं माझं उत्तर अगदी साधं आहे. आपल्याकडे गाणं बहुतेक वेळा नृत्यदिग्दर्शकच चित्रित करतो. कॅमेरा कुठे ठेवायचा, कुठल्या ओळीला चेहरा जवळ घ्यायचा, कुठला टेक ठेवायचा, त्या दोन-चार दिवसांत सेट त्याच्या हातात असतो. म्हणजे एकाच सिनेमात दोन दिग्दर्शक काम करत असतात. पटकथा लिहिणाऱ्याचा हात गाण्यापर्यंत पोहोचतच नाही. कादंबरी एकट्याने लिहिलेली असते, ती फसली की पानापानांत फसलेली दिसते. सिनेमा शंभर जण मिळून करतात, आणि त्या शंभरातल्या एखाद्याने ठरवलेलं असतं की बाकी काहीही होवो, माझं काम मी चोखच करणार. वाईट सिनेमा बघताना मी त्या माणसाला शोधत असतो.

माझा थोरला भाऊ यावर नेहमी वाद घालतो. त्याचं म्हणणं, गाणं आवडलं तर गाणं बघ, त्यासाठी सिनेमाला कशाला श्रेय देतोस? त्याला मी जे उदाहरण देतो त्यात गाणंच नाही.

१९९९ मध्ये 'स्टार वॉर्स'चा 'द फँटम मेनस' आला, तो मी कॅम्पातल्या एका थिएटरात पाहिला. मूळ तीन सिनेमांवर माझं प्रेम होतं, आणि हा बघताना खुर्चीत चुळबुळ चाललेली. व्यापारावरच्या कराचं भांडण, सभागृहातली भाषणं, जार जार या विदूषकी पात्राचे चाळे. चांगले नट लाकडासारखे बोलत होते. आणि शेवटाकडे एक मोठं दार उघडतं, काळे कपडे, लाल-काळा रंगवलेला चेहरा, डोक्यावर शिंगं असलेला डार्थ मॉल समोर उभा असतो, आणि दोन्ही टोकांना पाती असलेली तलवार पेटवतो. तिथून पुढे सिनेमात बोलणं जवळजवळ संपतं, आणि सिनेमा सुरू होतो.

लढाई भारीच आहे, पण माझा क्षण लढाईतला नाही. एका लांब बोळात लेझरच्या लाल भिंती एकामागून एक बंद होतात आणि तिघं वेगवेगळ्या कप्प्यांत अडकतात. संगीतही थांबतं. वयस्कर गुरू क्वाय-गॉन गुडघे टेकतो, डोळे मिटतो आणि ध्यान लावून बसतो. भिंतीपलीकडे मॉल पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालतोय. आणि तरुण शिष्य मागे, बऱ्याच भिंतींच्या पलीकडे, उतावीळ. तीन माणसं, तीन स्वभाव, एकही वाक्य नाही. दोन तास ज्या पात्रांबद्दल संवादांतून काही कळलं नव्हतं, ते तिघं कसे आहेत हे त्या अर्ध्या मिनिटात कळलं. भिंती उघडतात, गुरू डोळे उघडून थेट वार करतो, आणि शिष्य शेवटच्या भिंतीपाशी एका पावलाने कमी पडतो. समोर गुरू मरताना त्याला नुसतं बघत राहावं लागतं.

त्या लढाईला जॉन विल्यम्स यांनी जे समूहगान दिलंय, त्याचे शब्द संस्कृत आहेत. एका जुन्या वेल्श कवितेवरून ते संस्कृतात आणले गेले. हे मला नंतर कळलं, तेव्हा मी ती सीडी घेऊन आमच्या शेजारच्या निवृत्त संस्कृत शिक्षिकेकडे गेलो होतो. त्यांनी दोनदा डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे, शब्द फोडलेत रे, अर्थ नाही लागत. पण उच्चारांचा जोर आपल्या वेदांच्या घनपाठासारखा आहे." त्या कधी सिनेमाला जात नसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेवढंच पुन्हा ऐकायला मागितलं.

आता भावाच्या मुद्द्याकडे येतो. ही लढाई इंटरनेटवर सुटी मिळते, आणि मी ती सुटी बऱ्याचदा बघितलीय. पण सुटी बघताना ती भिंत आणि ते ध्यान तितकं लागत नाही. दोन तासांच्या बडबडीनंतर आलेली शांतता होती म्हणून ती तशी लागली. गंमत अशी की त्या सिनेमात ही लढाईसुद्धा सलग नाही. मधेच तोडून अंतराळातल्या लहान पोराकडे आणि मैदानातल्या युद्धाकडे नेतात. तरी ती उरते.

दुसरा प्रकार नटांचा. 'तीस मार खान' (२०१०) मला अजिबात आवडला नाही. ओरडून सांगितलेले विनोद मला सहन होत नाहीत. पण त्यात अक्षय खन्ना आहे. ऑस्करसाठी तहानलेला एक स्टार, ज्याला फसवून एका गावात खोट्या शूटिंगला आणलंय. खरा डाव आगगाडी लुटण्याचा आहे, आणि हा बिचारा जीव ओतून अभिनय करतोय. सिनेमातले बाकी सगळे प्रेक्षकांकडे बघून डोळे मिचकावतात, अक्षय खन्ना एकदाही मिचकावत नाही. त्याचं पात्र ऑस्करवर मनापासून विश्वास ठेवतं. त्यामुळे तो आला की हसू येतं आणि दोन क्षणांनी त्याच्यासाठी वाईटही वाटतं.

मराठीत हे काम निळू फुल्यांनी आयुष्यभर केलं. ते आपल्या पुण्याचे, तरुणपणी लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेले, सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'नंतर त्यांच्याकडे पाटील-सरपंचांच्या भूमिका ओघाने येत गेल्या. त्यातले कित्येक सिनेमे एकाच साच्यातले: तोच वाडा, तोच तमाशाचा फड, तीच गरीब मास्तराची मुलगी. दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी लागायचे आणि आई भाजी निवडत निवडत बघायची. फुले पडद्यावर आले की तिचा हात थांबायचा. ते काही करायचे नाहीत. नुसतं बसायचे, समोरच्याचं बोलणं संपू द्यायचे, आणि मग जरा वेळ जाऊ द्यायचे. त्या वेळेत खोलीतला प्रत्येक माणूस घाबरायचा. आवाज चढवायची त्यांना गरजच नसायची. कुठल्या सिनेमातला कुठला प्रसंग हे आज मला वेगळं काढून सांगता येणार नाही, ते सगळे सिनेमे एकमेकांत मिसळून गेलेत. ते थांबणं मात्र स्वच्छ लक्षात आहे.

लॉ कॉलेज रस्त्यावर आपलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ साली सुरू झालेलं. ते उभं करणारे पी. के. नायर २०१६ मध्ये पुण्यातच गेले. त्यांची भूमिका अशी होती की, संग्राहकाने सिनेमा चांगला की वाईट हे ठरवत बसू नये, मिळेल तो जपावा. कॉलेजात असताना मला हे पटलं नव्हतं. जागा आणि पैसा मर्यादित असताना टुकार सिनेमांची रिळं कशाला सांभाळायची, असं वाटायचं. मग तिथेच एकदा दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे (१९१३) उरलेले तुकडे पाहिले. अख्खा सिनेमा आज नाही, जेवढा भाग वाचला तेवढाच आहे. आणि आम्ही सगळे त्या तुकड्यांकडे श्वास रोखून बघत होतो. बाहेर आल्यावर टेकडीकडे चालत जाताना 'सैलाब' आठवला. एका सिनेमाचे तुकडे काळाने केले, दुसऱ्याचे तो करणाऱ्यांनीच केले. जपायचा तुकडा दोन्हीकडे आहे.

शेवटचं उदाहरण सांगतो, ते पहिल्याशी जोडलेलं आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'कलंक' आला. कोथरूडला सिटी प्राइडला आम्ही घरचे पाच जण गेलो होतो. पावणेतीन तासांचा सिनेमा, महालांएवढे सेट, झुंबरं, होड्या, फाळणीच्या आधीचा काळ, आणि आत कोणाच्याच दुःखाला जागा नाही. माझी बायको मध्यंतरालाच "निघूया का?" म्हणाली. आम्ही थांबलो, आणि 'तबाह हो गए' लागलं. श्रेया घोषालचा आवाज, बहार बेगम झालेली माधुरी, तेव्हा ५१ वर्षांची. नृत्य बसवलं होतं रेमो डिसूझा आणि सरोज खान यांनी.

'सैलाब'मध्ये सगळा खेळ शरीराचा होता. इथे मास्टरजींनी, म्हणजे सरोजजींनी, तिच्याकडून जवळजवळ सगळं मान, मनगट आणि डोळ्यांतून करून घेतलंय. लहानपणापासून कथक शिकलेली बाई, आणि २९ वर्षांपूर्वी तिला कोळी ठेक्यावर उसळायला लावणारी तीच गुरू आता तिला थांबायला सांगतेय. गिरकी येते, पण गिरकीनंतर ती जिथे थांबते तिथे नजर खाली जाते आणि जरा उशिरा वर येते. ठेक्याच्या आधी थबकणारी तीच माधुरी, फक्त आता थबकण्याचं कारण वेगळं आहे. मला शुक्रवार पेठेतला तो पडदा आठवला आणि डोळे भरून आले. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "नंतर सांगतो."

दोघींचं एकत्र काम तिथेच संपलं. ३ जुलै २०२० ला सरोजजी गेल्या. त्या रात्री मी मुलीला बसवून आधी 'सैलाब'चं गाणं दाखवलं आणि लगेच 'कलंक'चं. तिने दोन्ही सिनेमे पाहिलेले नव्हते. दुसरं संपल्यावर तिने विचारलं, "बाबा, ही तीच आहे ना?" मी हो म्हणालो, तशी तिने पहिलं पुन्हा लावायला सांगितलं.

तुम्हाला बघायचं असेल तर याच क्रमाने बघा, दोन्ही एका बैठकीत. आणि शक्य झालं तर 'कलंक'चं गाणं सिनेमात, त्याच्या जागी येईपर्यंत थांबून बघा. वेळ जाईल, पण तिथे पोहोचाल तेव्हा ती नजर वर यायला किती उशीर लावते, तेवढं नक्की मोजा.