‘प्रतिक्रिया’ नंतर येते का?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंची मुलगी नववीत आहे. विज्ञानाच्या धड्यात न्यूटनचा गतीचा तिसरा नियम, ‘प्रत्येक क्रिया बलाला तेवढंच आणि उलट दिशेचं प्रतिक्रिया बल असतं’, वाचताना मायलेकी तीन ठिकाणी अडल्या, म्हणून त्यांनी विचारलं आहे: “क्रिया आधी आणि प्रतिक्रिया नंतर, हे शब्दातच दिसतं. मग दोन्ही बलं एकाच वेळी असतात असं सर का सांगतात? संवेगाचा त्यांच्याशी काय संबंध? आणि संवेगाला घरात समजेल असा ‘रेटा’ हा शब्द चालेल का?”

ताई, तुमची लेक अडली ते बरोबर जागी अडली. रोजच्या मराठीत प्रतिक्रिया नंतरच येते. निकाल लागतो, मग पालकांच्या प्रतिक्रिया छापून येतात. भांडणात एकाने शिवी दिली की दुसरा हात उगारतो आणि वर सांगतो, “क्रियेला प्रतिक्रिया होणारच.” तिथे ‘प्रति’ हा प्रत्युत्तरातला ‘प्रति’ आहे, म्हणजे उलटून दिलेलं. पण ‘प्रति’ला दुसराही अर्थ आहे, प्रतिबिंबातला: समोरचा, जोडीचा. रामकुंडावर संध्याकाळी सोडलेल्या दिव्याचं प्रतिबिंब दिव्याबरोबरच पाण्यात असतं. ते दिव्याला उत्तर देत नाही. भौतिकशास्त्रातली प्रतिक्रिया या दुसऱ्या घरची आहे.

तरी प्रतिबिंबाचीही उपमा पुरी पडत नाही, कारण दिवा खरा आणि प्रतिबिंब त्याच्यावर अवलंबून. दोन बलांत असा मोठा-धाकटा नसतो. नेमकी गोष्ट आपल्या म्हणीत आहे: टाळी एका हाताने वाजत नाही. वाजली तेव्हा उजवा हात क्रिया की डावा? वाटेल त्याला क्रिया म्हणा, उरलेली प्रतिक्रिया. न्यूटनने १६८७ साली लॅटिनमध्ये ‘आक्तिओ’ आणि ‘रेआक्तिओ’ असे शब्द वापरले, त्यांचं हे शब्दशः मराठी रूप. त्याने स्वतः दिलेलं उदाहरण अगदी साधं आहे: बोटाने दगड दाबला तर दगडही बोटाला दाबतो. यात ‘मग’ नाही, ‘नंतर’ नाही. मला विचाराल तर ‘अन्योन्यबल’ हा शब्द जास्त चांगला झाला असता, पण रूढ शब्द आता बदलणार नाही.

जोडी ओळखायला मराठीच्या विभक्ती फार उपयोगी पडतात. वाक्य ‘कशाने – कशावर’ असं लिहायचं आणि दोन नावांची अदलाबदल करायची. ‘बोटाने दगडावर’ उलटवलं की ‘दगडाने बोटावर’. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाचा आधार ही तिची प्रतिक्रिया, असं पुष्कळ जण लिहितात. ते चूक आहे. वजन म्हणजे ‘पृथ्वीने पुस्तकावर’. उलटवा: ‘पुस्तकाने पृथ्वीवर’. यात टेबल आलंच नाही! पुस्तक पृथ्वीला वर ओढतं, ती खरी जोडी. टेबलाची जोडी वेगळी: ‘टेबलाने पुस्तकावर’ आणि ‘पुस्तकाने टेबलावर’. सारखी आणि उलटी बलं एकमेकांना खोडून का टाकत नाहीत, याचं उत्तरही इथेच मिळतं. दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, त्यांची वजाबाकी करायची कशी?

आता संवेग. वेग, आवेग, उद्वेग, संवेग ही सगळी ‘विज्’ धातूची लेकरं, मूळ अर्थ हलणं, थरथरणं. उद्विग्नही त्यातलाच. योगसूत्रांत ‘तीव्रसंवेगानाम्’ असं येतं ते साधनेच्या तळमळीबद्दल. भौतिकशास्त्राने मात्र शब्दाला नेमका हिशेब दिला: वस्तुमान गुणिले वेग. तेव्हा संवेग म्हणजे ‘जास्त वेग’ नव्हे. हळू सरकणाऱ्या भरल्या ट्रकचा संवेग सुसाट सायकलपेक्षा जास्त असू शकतो. न्यूटन त्याला ‘गतीचं परिमाण’ म्हणतो, आणि तिसऱ्या नियमाच्या स्पष्टीकरणातच सांगतो की दोन्ही वस्तूंत होणारे बदल सारखे असतात ते वेगातले नव्हेत, या गतीतले.

हे कॅरमवर बघा. स्ट्रायकर साधारण १५ ग्रॅमचा, सोंगटी साधारण ५ ग्रॅमची. सेकंदाला १ मीटर वेगाने आलेला स्ट्रायकर थांबलेल्या सोंगटीला नाकासमोर बसला आणि टक्कर पूर्ण लवचीक (म्हणजे गतीची ऊर्जा अजिबात वाया न जाणारी) धरली, तर स्ट्रायकरचा वेग ०.५ वर उतरतो आणि सोंगटी १.५ ने सुटते. नुसत्या वेगाचा हिशेब जुळत नाही. अर्धा गेला आणि दीड आला. वस्तुमानाने गुणा: स्ट्रायकरचे १५ × ०.५ = ७.५ गेले, सोंगटीला ५ × १.५ = ७.५ मिळाले. टक्करीच्या क्षणी दोघांची एकमेकांवरची बलं सारखी आणि उलटी, टेकून राहण्याचा वेळ दोघांना एकच. बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल, म्हणून एकाचं जाणं ते दुसरीचं येणं.

आणि म्हणूनच प्रतिक्रियेला उशीर चालत नाही. सोंगटीने उलटं ढकलायला क्षणभर जरी वेळ लावला असता, तर त्या क्षणात तिला संवेग मिळाला असता आणि स्ट्रायकरचा काहीच कमी झाला नसता. एकूण बेरीज वाढली असती. सर ‘एकाच वेळी’वर जोर देतात तो यासाठी. पुस्तकातली ‘संवेग अक्षय्यता’ ती हीच. अक्षय्य तृतीयेतला अक्षय्य म्हणजे न सरणारा. इथे तो सरतही नाही आणि वाढतही नाही, फक्त बाहेरचं बल नको.

राहिला ‘रेटा’. शब्द मला फार आवडतो, पण तो संवेगाला देऊ नका. गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं ते आपण बघायला जातो, आणि ‘काय रेटा आहे पाण्याचा’ म्हणतो. तो रेटा म्हणजे बल. वाहत्या पाण्याजवळ असतो तो संवेग. मूर्तीवर आदळून दर सेकंदाला त्यात जेवढा बदल होतो, तेवढा रेटा मूर्तीला बसतो. मूर्तीही तेवढ्याच जोराने पाण्याला मागे रेटते. म्हणून तर तिच्या समोरच्या अंगाला पाणी उसळून वर चढतं आणि दोन्ही बाजूंनी फुटून पुढे जातं.