मॅक३ सोडून लिनक्ससीएनसीवर यायचं असेल तर आधी वही काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चिनी ३०४० मशीन (कॉम्प्युटरवरून चालणारं छोटं सीएनसी कोरणी यंत्र), पॅरलल पोर्टवर चालणारा कंट्रोल बॉक्स, एक्सपीवरचं मॅक३ (मशीन चालवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर), आणि तो जुना पीसी आता कामाच्या मध्येच बंद पडतोय. नवा लॅपटॉप घेऊन त्यावर मॅक३ चालवावं की लिनक्ससीएनसीवर (तेच काम लिनक्सवर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) यावं, हे ठरत नाहीये.

लॅपटॉपचा विचार सोडा. मॅक३चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालतच नाही. बाजारात मिळणारी यूएसबी ते प्रिंटर पोर्ट केबलही इथे कामाची नाही. ती प्रिंटरला अक्षरं पाठवते, पण मोटरला लागणारे वेळेवरचे पल्स तिच्यातून जात नाहीत. पॅरलल पोर्ट असलेला एखादा जुना डेस्कटॉप शोधा आणि लिनक्ससीएनसीवर या. तुमचा कंट्रोल बॉक्स, ड्रायव्हर, मोटर यातलं काहीही बदलावं लागणार नाही. मीही माझं असंच मशीन याच वाटेने आणलं, आणि परत मागे जावंसं कधी वाटलं नाही.

पण जुना पीसी जिवंत आहे तोवर एक काम आजच करा. मॅक३ उघडा आणि वही घेऊन बसा. पोर्ट्स अँड पिन्सच्या प्रत्येक पानावरचे पिन नंबर, कुठली पिन ॲक्टिव्ह लो (उलट्या सिग्नलवर चालणारी) आहे, मोटर ट्यूनिंगमधले प्रत्येक ॲक्सिसचे स्टेप्स, वेग आणि ॲक्सिलरेशन, बॅकलॅशचे (दिशा बदलताना स्क्रूमध्ये जाणवणाऱ्या ढिलाईचे) आकडे, चार्ज पंप (सॉफ्टवेअर चालू असल्याचं बॉक्सला कळवणारा सिग्नल) चालू आहे की नाही, हे सगळं उतरवून घ्या. मॅक३च्या फोल्डरमधली तुमच्या प्रोफाइलची एक्सएमएल फाइल पेनड्राइव्हवर घ्या. तुमच्या मशीनबद्दल इतक्या वर्षांत जे कळलं ते या आकड्यांमध्येच आहे. हार्डडिस्क गेली तर एकेक पिन मल्टिमीटरने शोधत बसावं लागतं. त्यानंतर पीसी पूर्ण मोडला नसेल तर ती डिस्क काढून कपाटात ठेवा आणि लिनक्स वेगळ्या डिस्कवर टाका. मधेच एखादा जॉब आला तर डिस्क बदलून जुन्या सेटअपवर परत जाता येतं.

लिनक्ससीएनसी टाकल्यावर पहिल्यांदा लेटन्सी टेस्ट (पीसी किती वेळेवर काम करतो याची चाचणी) चालवा. ती चालू असताना चार खिडक्या उघडा, मोठी फाइल कॉपी करा, व्हिडिओ लावा, आणि अर्धा तास तरी राहू द्या. जिटर, म्हणजे वेळेतली चूक, २० मायक्रोसेकंदांच्या आत आला तर उत्तम. त्याहून जास्त आला तर बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग आणि वीज वाचवणारे पर्याय बंद करून परत बघा. मात्र हा आकडा बघून घाबरण्याआधी आपली गरज मोजा. २०० स्टेपची मोटर, ड्रायव्हरवर आठ मायक्रोस्टेप आणि ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू असेल तर एका मिमीला ३२० स्टेप होतात. मिनिटाला १८०० मिमी, म्हणजे सेकंदाला ३० मिमी वेगाला सेकंदाला ९६०० पल्स पुरतात. ही मागणी फार नाही.

इथेच पहिली ठेच लागते. मॅक३मध्ये वेग मिमी प्रति मिनिट असतो, लिनक्ससीएनसीची सेटिंग भरून घेणाऱ्या स्टेपकॉन्फ विझार्डमध्ये मिमी प्रति सेकंद. वहीतला १८०० तसाच टाकला तर विझार्ड सेकंदाला ५,७६,००० पल्स मागतो, आणि माणूस समजतो की आपला पीसीच कुचकामी आहे. ६० ने भागा. ॲक्सिलरेशनचा आकडा मात्र दोन्हीकडे मिमी प्रति सेकंद वर्ग असतो, तो तसाच ठेवा.

बॅकलॅश भरपाई वापरणार असाल तर आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये स्टेपजनचं (पल्स तयार करणाऱ्या भागाचं) कमाल ॲक्सिलरेशन त्या ॲक्सिसच्या कमाल ॲक्सिलरेशनच्या दीडपट ते दुप्पट ठेवा. नाहीतर दिशा बदलताना फॉलोइंग एररने (ठरलेल्या जागेच्या मागे पडल्यामुळे) मशीन थांबतं.

जी-कोडची (मशीनला हालचाली सांगणाऱ्या फाइलींची) फारशी काळजी करू नका. दोन्ही सॉफ्टवेअरचं मूळ अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेच्या ईएमसी प्रकल्पात आहे, त्यामुळे बहुतेक फाइली जशाच्या तशा चालतात. ज्या अडतात त्या बहुतेक आर्कवर. तुमच्या मॅक३मध्ये आय-जे (आर्कच्या केंद्राचे आकडे) ॲब्सोल्यूट, म्हणजे मूळ शून्यापासून मोजलेले, ठेवलेले असतील तर लिनक्ससीएनसी 'आर्कच्या सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या जुळत नाही' अशी तक्रार करतं, कारण त्याचा डिफॉल्ट इन्क्रिमेंटल, म्हणजे आर्कच्या सुरुवातीपासून मोजलेला, आहे. फाइलच्या सुरुवातीला जी९०.१ लिहा, किंवा पोस्ट प्रोसेसर (डिझाइनमधून जी-कोड बनवणारा भाग) बदला. फाइलच्या शेवटी एम२ किंवा एम३० हवा, नाहीतर फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी % चिन्ह हवं. झेड प्रोबला (टूलची उंची स्पर्शाने मोजायला) जी३१ वापरत असाल तर इथे जी३८.२ आहे. मॅक३चे व्हीबी मॅक्रो इकडे चालणार नाहीत, ते नव्याने लिहावे लागतील.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती. बदल केल्यावर माझा पहिला खरा जॉब सागवानावर व्ही-बिटने कोरायची घराची पाटी होता. मशीन आधीपेक्षा गुळगुळीत चाललं, आवाजही कमी आला, मी खूश. धूळ झटकून पाटी उजेडात धरली तर भोवतीच्या चौकटीचे चारही कोपरे गोल, आणि शिरोरेषा जिथे उभ्या दांड्याला मिळते तिथला कोनही बोथट. व्हर्निअर लावला तर कोपरा जवळजवळ अर्धा मिमी कापलेला. स्क्रू ढिला असेल म्हणून मी संध्याकाळभर ढिलाई शोधत बसलो. मशीनमध्ये काहीच दोष नव्हता. लिनक्ससीएनसी नुसत्या जी६४वर (न थांबता चाल जोडत जाण्याच्या कोडवर) चालतं तेव्हा वेग टिकवण्यासाठी कोपरा हवा तेवढा गोल करतं. मिनिटाला १२०० मिमी फीड आणि १५० ॲक्सिलरेशन धरून हिशेब केला तर कोपऱ्यातला फरक बरोबर अर्ध्या मिमीच्या आसपास येतो. फाइलमध्ये जी२१ (मिमीचा कोड) नंतर जी६४ पी०.०२, म्हणजे फार तर ०.०२ मिमी फरक चालेल असं, लिहिलं, तीच पाटी परत कोरली, आणि कोन नखाला टोचतील इतके धारदार आले. ही ओळ आजच पोस्ट प्रोसेसरमध्ये घालून टाका, म्हणजे विसरायला होणार नाही. लाकडाच्या रफिंगला पी०.१ चालतो, पितळेवरच्या बारीक अक्षरांना मी ०.०१ ठेवतो.

पीसी चालू होताना पॅरलल पोर्टच्या पिना कशाही वर-खाली होतात आणि तेवढ्यात स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) फिरू शकतो. म्हणून लिनक्ससीएनसीचा स्क्रीन येईपर्यंत स्पिंडलचा मेन स्विच बंदच ठेवा. इमर्जन्सी स्विच सॉफ्टवेअरवर सोडू नका, त्याने स्पिंडलची आणि ड्रायव्हरची वीज थेट तुटली पाहिजे.

लाकूड लावण्याआधी बेडवर मॅग्नेटिक स्टँड ठेवून डायल गेज लावा. एक्स ॲक्सिस १०० मिमी पुढे-मागे पन्नास वेळा, पूर्ण वेगात, हवेतच चालवा. डायल परत शून्यावर येत नसेल तर ॲक्सिलरेशन निम्मं करा. तरीही सरकत असेल तर स्टेपचे टायमिंग आकडे वाढवा, कारण स्वस्त ड्रायव्हरमधले ऑप्टो (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारे भाग) मंद असतात. स्टेप पिन उलटी-सुलटी करूनही बघा. फरक दर फेरीला एकाच दिशेने थोडा-थोडा साठत गेला तर बहुतेक वेळा स्टेप पिनची पोलॅरिटी उलटी असते.

लेटन्सी टेस्टचा आकडा आणि ड्रायव्हर बोर्डवरच्या चिपचा नंबर इथे टाका. स्टेपकॉन्फमध्ये काय भरायचं ते बघून सांगतो.